‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा एक्स्टेंडेड संच: जादा दोन तासांत पुस्तक किती परत येतं?

आधी मिनिटांचा हिशेब. टॉल्किनच्या कादंबरीवरचे पीटर जॅक्सनचे तीन भाग २००१, २००२ आणि २००३ च्या डिसेंबरात चित्रगृहांत आले तेव्हा ते १७८, १७९ आणि २०१ मिनिटांचे होते. एक्स्टेंडेड, म्हणजे लांब केलेल्या आवृत्तीत त्यांचे साधारण २०८, २२३ आणि २५१ झाले. म्हणजे दोन तासांचा ऐवज नवा. संचाच्या मागच्या बाजूला २२८, २३५ आणि २६३ असे आकडे दिसले तर हुरळून जाऊ नका. वरची मिनिटं शेवटी सरकत जाणाऱ्या फॅन क्लबच्या सभासदांच्या नावांची आहेत. भारतातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर उलट लांबी कमी दिसते. तिथे चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतो, त्यामुळे तो चार टक्के लवकर संपतो. काही कापलेलं नसतं.

पुस्तकाच्या प्रेमापोटी हा संच घेणाऱ्याला थोडक्यात सांगायचं तर पहिल्या भागात पुस्तक भरपूर परत येतं, दुसऱ्यात बऱ्यापैकी, आणि तिसऱ्यात जेवढं येतं जवळजवळ तेवढंच हातचं जातं. लांब आवृत्ती म्हणजे पुस्तकाशी जास्त प्रामाणिक आवृत्ती, हा समज तिसऱ्या भागापुरता सोडून द्यावा.

दिसण्याच्या बाबतीत तक्रारीला जागा फार कमी आहे. टॉल्किनच्या पुस्तकांची चित्रं वर्षानुवर्षं काढणारे अॅलन ली आणि जॉन हाउ हे दोघेच चित्रपटाच्या आखणीला बसवले होते, त्यामुळे मिनास टिरिथ नगरीच्या सात तटांपासून बॅग एंड या घराच्या गोल दारापर्यंत सगळं ओळखीचं वाटतं. चित्रपटाने पुस्तकातल्या वस्तू आणि जागा जपल्या. हात घातला तो माणसांच्या स्वभावांना आणि काळाला.

काळाचं आधी. पुस्तकात बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी आणि त्याचा वारस फ्रोडो याचं शायर (हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचा मुलूख) सोडणं यांत सतरा वर्षं जातात. दुष्ट सत्ताधीश सॉरॉनची, सगळ्यांना भुलवणारी अंगठी मिळाली तेव्हा फ्रोडो ३३ वर्षांचा, निघतो तेव्हा पन्नाशीचा. पडद्यावर जादूगार गँडाल्फ कागदपत्रं चाळून परत येतो तोवर फार तर काही महिने लोटल्यासारखे वाटतात, आणि चित्रीकरण सुरू झालं तेव्हा एलायजा वुड १८ वर्षांचा होता. पटकथेच्या दृष्टीने हे समजू शकतं. पाठलाग सुरू व्हायला सतरा वर्षं थांबणारा प्रेक्षक कुठून आणणार? पण किंमत फ्रोडो मोजतो. पुस्तकात वेदरटॉप टेकडीवर तो सॉरॉनच्या नऊ काळ्या स्वारांच्या राजावर तलवार उगारून धावतो, एल्बेरेथचा धावा करतो आणि राजाच्या पायाशी वार करतो. नदीच्या उतारावर तर जखमेच्या विषाने अर्धमेला झालेला असताना, एकटा घोड्यावर बसून नऊही स्वारांना ‘मागे फिरा’ म्हणून दरडावतो. पडद्यावर वेदरटॉपवर त्याच्या हातून तलवार गळते आणि नदीवर तो एल्फकन्या आर्वेनच्या कुशीत निपचित पडलेला असतो. पुस्तकात त्याला घोडा देणाऱ्या एल्फ सरदाराच्या, ग्लोर्फिंडेलच्या जागी आर्वेन आली याबद्दल लोक वीस वर्षं भांडले. खरं नुकसान त्या अदलाबदलीचं नाही, फ्रोडोच्या तोंडून गेलेल्या त्या एका आव्हानाचं आहे. लांब आवृत्तीतही ते परत येत नाही.

आता टॉम बॉम्बाडिल, रानाकाठी राहणारा गाणारा अवलिया. सहा खंडांच्या कादंबरीच्या पहिल्या खंडातली सहावी, सातवी आणि आठवी ही तीन प्रकरणं, म्हणजे ओल्ड फॉरेस्ट, बॉम्बाडिलचं घर आणि बॅरो-डाउन्सवरचं धुकं, चित्रपटात मुळीच नाहीत. बॉम्बाडिल गेला म्हणून हळहळणाऱ्यांना बहुतेक वेळा त्याची गाणी आठवतात. कथेच्या बांधणीत गळालं ते वेगळंच, आणि त्याचा फटका बसतो थेट तिसऱ्या भागात. बॅरो-डाउन्सच्या थडग्यातून चौघा हॉबिटांना जुने खंजीर मिळतात. ते घडवणारे लोक उत्तरेत अँगमारच्या राजाशी लढत होते, आणि तो अँगमारचा राजा म्हणजेच विच-किंग, वेदरटॉपवरचा काळ्या स्वारांचा राजा. पुढे पेलेनोरच्या मैदानात चौघांतला मेरी त्याच खंजिराने विच-किंगच्या गुडघ्यामागे भोसकतो, तेव्हा टॉल्किन मुद्दाम थांबून सांगतो की दुसऱ्या कुठल्याही पात्याने हे झालं नसतं. त्या पात्याने विच-किंगचं अदृश्य शरीर त्याच्या इच्छेला बांधणारा मंत्रच तुटला, आणि म्हणून रोहानच्या राजाची भाची एओविन हिचा वार लागू पडला. शेकडो वर्षांपूर्वी हरलेल्या लढाईतल्या एका अनामिक लोहाराचा सूड एका हॉबिटच्या हातून पुरा होतो.

पडद्यावर वेदरटॉपवर त्यांचा वाटाड्या, पुढे राजा होणारा अॅरागॉर्न चौघांना तलवारी वाटून मोकळा होतो. लांब आवृत्तीत लॉथलॉरिएन रानाची एल्फ स्वामिनी गॅलाड्रिएल मेरी आणि पिपिनला एल्फांचे खंजीर देते. दोन्हींचा अँगमारशी काही संबंध नाही. त्यामुळे शेवटी उरतं ते एवढंच: कुणी पुरुष मला मारू शकत नाही म्हणणारा विच-किंग आणि शिरस्त्राण काढून ‘मी पुरुष नाही’ म्हणणारी एओविन. प्रसंग टाळ्यांचा आहेच, पुस्तकातही आहे. पण मेरीचा वार निव्वळ मदतीचा धक्का होऊन बसतो.

गॅलाड्रिएलने दिलेल्या भेटवस्तूंचा प्रसंग हीच पहिल्या भागातली सगळ्यात मोलाची भर. चित्रगृहातल्या आवृत्तीत या निरोपातून मुख्यतः फ्रोडोची ताऱ्याची कुपी लक्षात राहते. इथे एल्फ लेगोलसचं धनुष्य आहे, मेरी-पिपिनचे खंजीर आहेत आणि ड्वार्फ गिमलीने मागितलेला एक केसही आहे. तिने एकाऐवजी तीन दिले, हे सांगताना गिमलीचा चेहरा पाहण्यासारखा आहे. मेरी-पिपिनच्या भेटीप्रमाणे (पुस्तकात त्यांना चांदीचे पट्टे मिळतात) फ्रोडोचा माळी आणि सोबती सॅम याचीही भेट बदललेली आहे. पुस्तकात त्याला लॉथलॉरिएनच्या मातीची लहानशी पेटी आणि त्यात एक बी मिळतं. इथे मिळतो दोर. पुस्तकात ती माती सॅम शेवटी उद्ध्वस्त झालेल्या शायरमध्ये चिमूट चिमूट पसरतो. चित्रपटात शायर उद्ध्वस्तच होत नाही, मग ती माती कुठे टाकणार? एक मोठा तुकडा काढला की त्याला शिवलेले धागे कुठवर उसवत जातात, ते या पेटीवरून कळतं. पटकथाकारांनी निदान ती उगाच देऊन विसरण्याचा आळस केला नाही. दोर दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वापरून दाखवला आहे, तोही याच आवृत्तीत.

पहिल्या भागातल्या बाकीच्या भरींतही काही वावगं नाही: शायरच्या लोकांची नर्मविनोदी ओळख, रात्री रानातून निघून जाणारे एल्फ, रिव्हेंडेलमध्ये आईच्या समाधीपाशी अॅरागॉर्न, तिथला स्वामी एलरॉंड याच्या सभेत गँडाल्फने अंगठीवरच्या ओळी मॉर्डोरच्या भाषेत म्हणणं. संचातला एकच चित्रपट पाहायचा असेल तर हा पाहा.

दुसऱ्या भागापासून एक सवय जाणवू लागते, आणि एकदा जाणवली की सगळीकडे दिसते. प्रत्येक मोठ्या माणसाने आधी नाही म्हणायचं आणि मग हो. पुस्तकातला अॅरागॉर्न ब्री गावातल्या पहिल्या भेटीतच तुटकी तलवार बाळगून असतो. रिव्हेंडेलमधून निघण्याआधी ती पुन्हा घडवली जाते आणि तो आपलं राजेपण लपवत नाही. पडद्यावर तो राजेपणापासून दूर पळणारा, आणि तलवार तिसऱ्या भागात एलरॉंड स्वतः आणून देतो. पुस्तकात झाडांसारख्या दिसणाऱ्या, रानाची राखण करणाऱ्या एन्टांची सभा तीन दिवस चालते आणि ते विचारपूर्वक युद्धाला निघतात. पडद्यावर नकार देतात, मग पिपिन त्यांच्या म्होरक्याला, ट्रीबिअर्डला, तोडलेलं रान दाखवतो. आपल्याच रानाची राखण करणाऱ्याला शेजारची झाडं तुटल्याचा पत्ता नव्हता, हे पटत नाही. पुस्तकातला रोहानचा राजा थेओडेन शेजारच्या गोंडोरचा मदत मागणारा लाल बाण येताच मदतीला तयार असतो. पडद्यावर तो ‘आमच्या वेळी गोंडोर कुठे होता’ म्हणून फुगून बसतो. इशाऱ्यासाठी डोंगरांवर पेटवायच्या मशालींचीही तीच गत. पुस्तकात त्या आधीच पेटलेल्या असतात, चित्रपटात गोंडोरचा कारभारी डेनेथॉर याच्या मनाविरुद्ध पिपिन चोरून पेटवतो. (तो प्रसंग बर्फाळ शिखरांवरून इतका देखणा उतरला आहे की तक्रार करायचा धीर होत नाही.)

यामागचा समज असा की पडद्यावर बदलणारा माणूस जिवंत वाटतो आणि मुळातच ठाम असलेला माणूस ठोकळा. हा समज याच चित्रपटात खोटा पडतो. पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत सॅम तसूभर बदलत नाही, आणि प्रेक्षकांनी सगळ्यांत जास्त जीव लावला तो त्यालाच.

या सवयीचा सर्वांत मोठा बळी डेनेथॉरचा धाकटा मुलगा फॅरामिर. पुस्तकात तो सांगतो की ही वस्तू, म्हणजे अंगठी, रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, आणि शब्द पाळतो. अंगठीच्या मोहाने थोरला बोरोमिर जिथे घसरला तिथे धाकटा भाऊ उभा राहतो, हेच त्या प्रकरणाचं मर्म. चित्रपटात तो फ्रोडोला बांधून ऑस्गिलिएथ शहरात नेतो आणि मग उपरती होऊन सोडतो. पटकथाकार फिलिपा बॉयेन्स आणि फ्रॅन वॉल्श यांनी यावर दिलेलं कारण असं, की सगळ्यांना भुलवणारी अंगठी एका माणसावर काहीच परिणाम करत नाही असं दिसलं तर तिचा धाकच संपेल. दुसरं कारण रचनेचं. शीलॉब कोळीण तिसऱ्या भागात ढकलल्यावर दुसऱ्या भागात फ्रोडोच्या वाट्याला शेवटचा जोरदार प्रसंगच उरला नाही.

गंमत म्हणजे शीलॉबला पुढे ढकलणं पुस्तकाच्या पंचांगाला धरूनच आहे. परिशिष्टातल्या तारखा पाहा: रोहानच्या हेल्म्स डीप किल्ल्याची लढाई ३ आणि ४ मार्चच्या रात्री, फ्रोडोची फॅरामिरशी गाठ ७ मार्चला, शीलॉबच्या बोगद्यानंतर फ्रोडो सॉरॉनच्या राक्षसी शिपायांच्या, ऑर्कांच्या हाती सापडतो १३ मार्चला, पेलेनोरची लढाई १५ मार्चला. टॉल्किनने दोन्ही वाटा वेगवेगळ्या खंडांत सांगितल्या म्हणून वाचताना ते जाणवत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या की शीलॉबची जागा मिनास टिरिथच्या वेढ्याजवळच येते. जॅक्सनने तारखा पाळल्या आणि त्या पाळण्यात फॅरामिर गमावला.

लांब आवृत्तीत यावर एक मलमपट्टी आहे: ऑस्गिलिएथ जिंकल्यानंतर बोरोमिर, फॅरामिर आणि बाप डेनेथॉर यांचा पूर्वप्रसंग. पुस्तकात असं काही नाही. तिथे दोघा भावांना स्वप्न पडतं आणि बोरोमिर हट्टाने निघतो. इथे बापच त्याला अंगठी आणायला धाडतो. म्हणजे कागदावर हा आणखी एक अपराध. तरी संपूर्ण संचातलं सर्वांत चांगलं जादा दृश्य हेच. चित्रपटातला फॅरामिर असा का वागतो हे त्यामुळे कळतं, आणि शॉन बीनचा बोरोमिर पाच-सहा मिनिटं पुन्हा भेटतो. ते काढून टाकून चित्रगृहात काय उरलं होतं याचं नवल वाटतं.

हेल्म्स डीपवर एल्फांची फौज येते, तीही पुस्तकात नाही. एओविनचा भाऊ एओमेर मात्र पुस्तकात सुरुवातीपासून किल्ल्यात लढत असतो; चित्रपटाने त्याला हद्दपार करून गँडाल्फबरोबर पहाटे परत आणला आहे. एका प्रकरणाची लढाई पाऊण चित्रपटावर सावली धरून बसते. लांब आवृत्तीत लढाईनंतर पळणाऱ्या ऑर्कांना गिळणारं रान परत आलं आहे, ते बरं झालं. बॉम्बाडिलच्या चाहत्यांसाठीही एक खिरापत आहे: मेरी-पिपिनला पकडणाऱ्या झाडाला ट्रीबिअर्ड ज्या शब्दांत दटावतो ते शब्द मुळात बॉम्बाडिलचे.

वाक्यं अशी एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी घालण्यात ही पटकथा फार तरबेज आहे, आणि बहुतेक वेळा हे जमलं आहे. अंगठीने ग्रासलेला तिचा जुना धनी गॉलम याच्यावर दया करण्याबद्दलचं गँडाल्फचं बोलणं बॅग एंडमधून उचलून मोरियाच्या काळोखात ठेवलं, तिथे ते जास्त खोल जातं. एओविनच्या एकाकी रात्रींबद्दल गँडाल्फ पुस्तकात तिच्या आजारपणात जे कळवळून बोलतो, तेच चित्रपटात थेओडेनचा कपटी सल्लागार वर्मटंग याच्या जिभेवर विष होतं. शेवटच्या पानांवरचा करड्या पावसाच्या पडद्याआडचा शुभ्र किनारा गँडाल्फ वेढ्यात घाबरलेल्या पिपिनला सांगतो. मूळ मजकूर पाठ असलेल्यांनीच हे केलंय, यात शंका नाही.

म्हणूनच तिसऱ्या भागातला एक फरक जास्त खुपतो. किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर गॉलम सॅमच्या अंगावर रोटीचा चुरा टाकून चोरीचं कुभांड रचतो आणि फ्रोडो सॅमला घरी हाकलतो. पुस्तकात नेमकं याच पायऱ्यांवर उलटं घडतं. झोपलेल्या फ्रोडोकडे पाहून गॉलमला पाझर फुटतो, तो त्याच्या गुडघ्याला हळूच हात लावतो, आणि जाग आलेला सॅम त्याला चोर समजून खेकसतो. तो क्षण तिथेच विझतो. सज्जन सॅमच्या हातून झालेली ही चूक टॉल्किनच्या कथेतली फार करुण जागा आहे. चित्रपटात सॅमला चूक करायची मुभाच नाही. ज्वालामुखीच्या काठावरही तसंच. पुस्तकात फ्रोडोचं बोट तोडून अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचताना गॉलमचा पाय घसरतो. पडद्यावर फ्रोडो पुन्हा त्याच्याशी झोंबतो आणि दोघे कड्यावरून जातात. मोरियात इतक्या निगुतीने पेरलेल्या दयेचं पीक इथे निम्मंच हाती येतं.

या भागातली भर एकसारखी नाही. फितूर जादूगार सारुमानचा शेवट परत आला, ही गरजच होती. चित्रगृहात तो न दिसताच गायब झाला होता आणि ख्रिस्तोफर ली त्यावर उघड नाराज होता. मृत्यू मात्र त्याच्या ओर्थँक मनोऱ्याच्या माथ्यावर होतो, पुस्तकातल्यासारखा शायरच्या दारात नाही. शुश्रूषागृहाचं दृश्य आलं, पण अगदी त्रोटक. राजाच्या हाताला गुण असतो, हीच पुस्तकात अॅरागॉर्नच्या राजेपणाची खूण आहे, हे इथे माहीत नसलेल्याला कळणार नाही. एओविन आणि फॅरामिर यांचं जमणंही उभ्या उभ्या उरकलं आहे.

आणि दोन दृश्यं सरळ चुकीची. सॉरॉनचा दूत काळ्या दरवाज्यातून बोलणी करायला येतो आणि अॅरागॉर्न त्याचं मुंडकं उडवतो. पुस्तकात तो फक्त नजरेने त्याला मागे रेटतो, आणि दूत अभयाचा हक्क सांगतो तेव्हा काम पुरं होईपर्यंत त्याला भीती नाही असं गँडाल्फ सांगतो. रावणाच्या दरबारातसुद्धा बिभीषणाने दूतवधाला आडकाठी केली होती. इथे होऊ घातलेला राजाच ती मर्यादा मोडतो. दुसरं, विच-किंग गँडाल्फची काठी फोडतो. पुस्तकात फुटक्या दरवाज्यात दोघे समोरासमोर उभे असतात, कुठेतरी कोंबडा आरवतो आणि रोहानची शिंगं वाजतात. कोण जिंकलं असतं हे कळतच नाही, आणि म्हणूनच तो क्षण अंगावर येतो.

मेलेल्यांची सेना दोन्ही आवृत्त्यांत तशीच आहे. पुस्तकात ती फक्त चाच्यांची जहाजं मिळवून देते आणि सुटते. मिनास टिरिथला जहाजांतून येतात दक्षिण गोंडोरची जिवंत माणसं. पडद्यावर हिरवी भुतं मैदान पाच मिनिटांत धुऊन काढतात, आणि आदल्या तासाभरात मेलेले रोहानचे स्वार उगाच मेले असं वाटू लागतं.

टॉल्किनने १९५८ मध्ये एका प्रस्तावित पटकथेवर लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्यातल्या तक्रारींत गरुडांचा अतिवापर होता, काळ आकसवणं होतं, आणि कथेचा सूर ज्यावर अवलंबून आहे तो भाग कापून मारामाऱ्यांना पसंती देणं होतं. जॅक्सनला यातली शेवटची तक्रार सर्वांत जास्त लागू पडते. तरी १९३७ च्या एका आटोपशीर ‘हॉबिट’चे त्याने पुढे तीन चित्रपट केले आणि त्यात टॉरिएल नावाची नवीकोरी योद्धी घातली, ते पाहिलं की इथला संयम फार मोठा वाटतो.

आता काय घ्यायचं. डीव्हीडीचे जुने चार-चार तबकड्यांचे संच (२००२ ते २००४) मिळाले तर चित्रासाठी नाही, परिशिष्टांसाठी घ्या. प्रत्येक संचात दोन तबकड्या निर्मितीच्या माहितीपटांच्या आहेत आणि पटकथेचे निर्णय का घेतले हे त्यात लेखकांच्या तोंडून ऐकता येतं. २०११ चा एक्स्टेंडेड ब्लू-रे घेताना जपून: त्यातल्या पहिल्या भागावर हिरवट झाक आहे, बर्फसुद्धा शेवाळलेलं दिसतं. २०२० च्या फोर-के संचात ती झाक गेली, आणि चित्रगृहातली आणि लांब अशा दोन्ही आवृत्त्या त्यात आहेत. पण चित्रातले कण पुसण्याच्या नादात काही ठिकाणी चेहरे मेणासारखे गुळगुळीत झालेत, आणि ते माहितीपट त्यात नाहीत. फोर-के तबकड्यांना प्रदेशाचं कुलूप नसतं, त्यामुळे परदेशातून मागवलेली इथे चालते. त्यासाठी खेळवणारं यंत्र मात्र फोर-केचंच लागतं. डीव्हीडीचा भारतातला प्रदेश ५, ब्लू-रेचा सी. जुनं काही मागवताना तेवढं तपासा.

प्रत्येक लांब चित्रपट दोन तबकड्यांत आहे. पहिल्या भागाची तबकडी एलरॉंडच्या सभेनंतर बदलते, जेवायला उठायची जागा तीच. पहिले दोन भाग थेट लांब आवृत्तीतच पाहा. तिसरा पहिल्यांदा चित्रगृहातला पाहा, सारुमानचं तेवढं माफ करा, आणि लांब आवृत्ती नंतर एखाद्या सुट्टीला. पुस्तक मराठीत ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादात आहे. सगळं वाचायला सवड नसेल तर पहिल्या खंडातली बॉम्बाडिलची तीन प्रकरणं, चौथ्यातलं फॅरामिरच्या गुहेतलं पाचवं आणि सहाव्यातलं शायरच्या झाडाझडतीचं आठवं, एवढी तरी वाचा. शेवटच्या प्रकरणात सॅमची ती मातीची पेटी कुठे गेली, तेही लागलीच पुढे सापडेल.